गवती चहा : एका बेटातून वीस घरं

मी दीपनगरहून बोलतेय. तुम्ही फेकरीत असा, वरणगावात असा, यावल-रावेरकडे असा की पार धुळ्याच्या बाजूला, हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकलं तरी चालेल. आज मी एका साध्या गवताबद्दल बोलणार आहे. गवती चहाबद्दल. कोणी त्याला पातीचा चहा म्हणतं, कोणी नुसतंच पाती म्हणतं. चहाच्या आधणात दोन पाती टाकल्या की घरभर लिंबासारखा वास सुटतो, तेच हे गवत.

आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? मोरीच्या पाण्यावर वाढतं, कोणी लावतं, कोणी शेजारणीकडून मागून आणतं. पण या गवताचा विषय अलीकडे बचत गटांच्या बैठकीत वेगळ्या कारणाने निघायला लागलाय. एखादा माणूस येतो. मोबाईलवर हिरव्यागार शेताचे फोटो दाखवतो. म्हणतो, ताई, एकरभर गवती चहा लावा, रोपं आम्ही देतो, तेल आम्हीच विकत घेतो, गटाचं कर्ज सहा महिन्यांत फिटेल. बायका एकमेकींकडे बघतात. कोणी म्हणतं घेऊ या, कोणी म्हणतं नको बाई. गटाचा पैसा म्हणजे महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेला पैसा. तो कुठे घालायचा हा प्रश्न लहान नाही. म्हणून हे गवत नीट ओळखू या. कसं लावायचं, कसं जगवायचं, कसं वापरायचं, काय जपायचं, आणि त्यातून पैसा मिळतो का, हे सगळं एकेक करून बघू या.

आधी ओळख. बाजारात पाकिटात जो ग्रीन टी मिळतो, तो हा नव्हे. ग्रीन टी चहाच्या झाडाचीच पानं असतात. गवती चहा हे खरोखरच गवत आहे. ज्वारी, ऊस ज्या कुळातले, त्याच कुळातलं. त्याच्या पानात एक तेल असतं. त्या तेलातला मुख्य वासाचा पदार्थ म्हणजे सिट्रल. लिंबाच्या सालीतही तोच असतो, म्हणून दोघांचा वास सारखा. गवती चहाच्या तेलात हा सिट्रल शंभरात सत्तर-ऐंशी भाग असतो. त्यामुळेच अत्तरवाले, साबणवाले आणि औषधांचे कारखाने हे तेल घेतात.

या गवताचं एक भावंड आपल्या खानदेशचंच आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसेल. त्याचं नाव रोशा. सातपुड्याच्या उतारावर, तळोदा-नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूला हे गवत आपोआप उगवायचं. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर आलं की कापायचं आणि ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचं तेल काढायचं, हा तिकडचा जुना धंदा. इंग्रजांनी १८८० साली खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही रोशाच्या तेलाचा उल्लेख आहे. हे तेल मुंबईला जायचं, तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे, आणि पुढे तुर्कस्थानात. त्याचा वास गुलाबाच्या जवळचा, म्हणून गुलाबाच्या महागड्या अत्तरात ते मिसळायचे. गंमत बघा, युरोपच्या बाजारात त्याला तुर्की तेल म्हणायचे. गवत आपल्या डोंगरातलं, कापणारे हात आपल्या माणसांचे, नाव मात्र दुसऱ्याचं. नफाही व्यापाऱ्याकडेच जास्त राहिला असणार. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पैशाचा विषय निघेल तेव्हा ती पुन्हा कामाला येईल.

मात्र रोशा चहात टाकायचा नाही. आणखी एक भावंड आहे, सिट्रोनेला. डास पळवणाऱ्या मलमात आणि फरशी पुसायच्या द्रवात त्याचं तेल असतं. ते गवती चहासारखंच दिसतं, म्हणून रोपवाटिकेत कधी कधी गफलत होते. ओळखायची खूण अशी : सिट्रोनेलाची बुडखी लालसर-जांभळी असते, गवती चहाची फिकट हिरवी, पांढुरकी. पान चुरगळून नाकाशी धरा. लिंबासारखा गोडसर वास आला तर गवती चहा. साबणासारखा, नाकात चढणारा उग्र वास आला तर ते चहासाठी घेऊ नका. खात्री नसेल तर पैसे देऊन रोप घ्यायचंच कशाला? ज्या घरी रोजच्या चहात पाती पडते, त्या घरूनच ठोंब मागून आणा.

आता लावणी. आपल्या घरच्या गवती चहाला बी बहुतेक धरतच नाही. तो ठोंबापासून लावायचा. जुन्या बेटाच्या कडेचे दोन-तीन फुटवे मुळांसकट अलगद वेगळे करायचे. वरची पानं वीतभर ठेवून कापून टाकायची. नाहीतर मुळं धरायच्या आधीच पानांतून पाणी उडून जातं आणि ठोंब सुकतो. जुनी, वाळलेली मुळंही छाटायची. लावायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर, जून-जुलैत. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लावता येतो. एप्रिल-मे मध्ये लावू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे नव्या ठोंबाची काय कथा.

जागा उन्हाची हवी. झाडाच्या सावलीत पानं लांब होतात, पण लुसलुशीत आणि बिनवासाची. दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवा, कारण वर्षभरात एकेक बेट घागरीएवढं रुंद होतं. आपली जमीन काळी. ती पाणी धरून ठेवते, आणि गवती चहाला पाणी आवडलं तरी बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही, मूळ कुजतं. म्हणून सपाट जमिनीत खड्डा करून लावण्यापेक्षा वीतभर उंचीचा वरंबा करा आणि त्यावर लावा. परस नसेल, क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल, तर डब्यात लावा. दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू किंवा बारीक मुरूम. डब्याच्या बुडाला चार-पाच भोकं पाडायला विसरू नका.

डबा कोणता, हे मात्र जपून ठरवा. खाण्याच्या तेलाचा पंधरा किलोचा डबा चांगला. सिमेंटची रिकामी गोणी झटकून, धुऊन घेतली तरी चालते. पण फवारणीच्या औषधाचा डबा, तणनाशकाची कॅन कितीही वेळा धुतली तरी खाण्यापिण्याच्या झाडाला वापरायची नाही. आपल्या कपाशीच्या पट्ट्यात असे रिकामे डबे घरोघरी पडलेले असतात, आणि फुकट मिळतात म्हणून त्यांत तुळस, पुदिना, गवती चहा लावलेला दिसतो. ते औषध प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं. तसंच कोळशाची राख. दीपनगरच्या आसपास राख नवी नाही. पण कोळशाच्या राखेत काही जड धातू असतात, आणि आपली काळी माती मुळातच खारवट बाजूची. म्हणून खाण्याच्या रोपाच्या कुंडीत ती मिसळू नका. पानावर धूळ, राख, काहीही बसलेलं असो, पाती कापल्यावर दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय आधणात टाकायची नाही.

लावल्यावर पहिले पंधरा दिवस माती ओली राहील एवढं पाणी द्या. पाऊस असेल तर तेही नको. नवी पात फुटली की समजा ठोंब धरला. मग महिन्या-दीड महिन्याने मूठभर शेणखत किंवा गांडूळखत पुरे. गवताला खत फार लागत नाही, पण पानं पिवळी पडायला लागली तर भूक लागलीय असं समजायचं. थंडीत शेंडे तांबूस होतात, त्याने घाबरायचं कारण नाही. पानावर तपकिरी ठिपके पसरत असतील तर तेवढी पानं कापून दूर टाका आणि बेट थोडं मोकळं करा, हवा खेळू द्या.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. हतनूर धरण जवळ असलं तरी नळाला पाणी रोज येतंच असं नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. तेव्हा दोन गोष्टी करा. एक, मार्चच्या सुरुवातीला बेट जमिनीपासून वीतभर ठेवून कापून घ्या. पान कमी, तर पाण्याची गरजही कमी. कापलेली पाती वाळवून ठेवा, ती कशी ते पुढे सांगते. दुसरं, बुडाशी आच्छादन घाला. रावेर-यावलकडे केळीच्या वाळलेल्या पानांचे ढीग बांधावर पडलेले असतात. ती पानं चार बोटं जाड पसरली की माती तापत नाही आणि दिलेलं पाणी दोन-तीन दिवस टिकतं. केळीची पानं नसतील तर गव्हाचा भुस्सा, कडब्याचा चुरा, उसाचं पाचट चालतं. वाळवी दिसली तर आच्छादन बुडापासून वीतभर मागे सरका. भांडी धुतलेलं पहिलं खरकटं पाणी आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. धुण्याचं सोड्याचं पाणी रोज घालू नका, माती आणखी खारट होते.

काही बायका म्हणतात, गवती चहाच्या बेटात साप येतो. वासाने साप येत नाही. पण बेट दाट झालं, खाली वाळलेलं गवत साचलं, तर उंदीर-बेडूक आसरा घेतात आणि त्यांच्या मागे साप येऊ शकतो. म्हणून दाराशी, मुलं खेळतात तिथे लावू नका. दर दोन-तीन महिन्यांनी कापत राहा, खालचा पाला काढत राहा. हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. आणि कापताना हाताला जुनं फडकं गुंडाळा. पानाच्या कडा धारेच्या असतात, बोट चिरतं.

डासांबद्दलही अशीच एक समजूत. दारात गवती चहा लावला की डास येत नाहीत म्हणे. नुसतं रोप उभं असून डास जात नाहीत. तेल पानाच्या आत असतं, चुरगळल्याशिवाय बाहेर पडत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर डासच वाढतील. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला आशाताई सांगतात, त्या दिवशी ती ताटलीही पालथी घाला.

घरच्या वापरापुरती पात तीन महिन्यांनी काढायला लागा. बाहेरची जून पानं आधी घ्या, मधला कोंब राहू द्या. पूर्ण कापणी चार-पाच महिन्यांनी, आणि तीही जमिनीपासून चार-सहा बोटं सोडून. अगदी बुडातून कापलं तर फुटवा जळतो. नीट निगा राखली तर एक बेट पाच-सहा वर्षं टिकतं. पण तीन वर्षांनी ते मधून पोकळ व्हायला लागतं. तेव्हा खणून काढा, फोडा, आणि कडेचे ताजे ठोंब नव्या जागी लावा.

वाळवायची रीत. सकाळचं दव उडालं की कापा, धुऊन निथळून घ्या, कात्रीने बोटभर तुकडे करा. सावलीत, वारा लागेल अशा जागी, सुती कापडावर पसरा. उन्हात वाळवलं की रंग उडतो आणि वासाचं तेलही उडतं, हातात नुसतं गवत उरतं. चुरगळल्यावर कुरकुर वाजलं म्हणजे वाळलं. चार-पाच किलो ओल्या पातीची साधारण किलोभर वाळलेली पाती होते. कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने ठेवा. दमट राहिली तर बुरशी येते. बुरशीचा वास आला तर ती बरणी सरळ खताच्या खड्ड्यात.

आता स्वयंपाकघरात या. चार कप चहाला वीतभर लांबीच्या चार-पाच पाती पुरतात. पाणी उकळलं की पाती टाका, झाकण ठेवा, गॅस बंद करा, पाच मिनिटं राहू द्या. झाकण महत्त्वाचं. घरभर जो वास सुटतो, तो कपातून निघून गेलेला असतो. मग हवं तर चहा पावडर आणि दूध घाला. पण मी आज तुम्हाला चहा पावडरीशिवायचा कप करून बघायला सांगणार आहे. नुसती पाती, किसलेलं आलं, दोन तुळशीची पानं, चिमूटभर मीठ, आणि गाळल्यावर लिंबाचे चार थेंब. सर्दीच्या दिवसांत घशाला बरं वाटतं. मे महिन्यात हेच पाणी गार करून माठाजवळ ठेवा, लिंबू सरबतात अर्धं हे पाणी घाला. उन्हातून आलेल्या माणसाला साध्या सरबताहून ते जास्त आवडतं. दूरदेशी, थायलंड-इंडोनेशियाकडे, बुडखीचा पांढरा भाग ठेचून रस्सा-भाजीत घालतात. आपणही भाताच्या आधणात दोन पाती गाठ मारून टाकून बघायला हरकत नाही. भात झाला की गाठ उचलून काढायची. पाती चघळू नका, मुलांनाही गाळूनच द्या, कारण धागा घशात टोचतो.

चहा पावडरीशिवाय कशाला, ते सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २१ या काळात झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे आपण दहा जणी बसलो असू तर पाच-सहा जणी त्यातल्या. आपल्या जेवणात भाकरी आहे, डाळ आहे, पालेभाजी आहे, त्यातून लोह मिळतं. पण जेवणावर लगेच कडक चहा घेतला की चहातला तुरट पदार्थ, टॅनिन, ते लोह अंगी लागू देत नाही. शेतावर भाकरी आणि चहा एकत्र खाणाऱ्या किती जणी आहेत सांगा. आणि लोहाची लाल गोळी चहाबरोबर गिळणाऱ्या? गोळी फुकट जाते. म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. तलफ आलीच, तर त्या वेळचा कप लिंबू पिळलेल्या नुसत्या पातीच्या पाण्याचा असू द्या, आणि तोही हलका. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदतच करतं.

साखरेचाही हिशेब करा. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम. पाच माणसांच्या घरात दिवसाचा एकेक कप बिनसाखरेच्या पातीच्या पाण्याचा झाला तर रोज पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो साखर वाचते. चहा पावडर आणि दूध वाचतं ते वेगळंच. घरात कोणाला साखरेचा आजार असेल तर हा बदल पैशापेक्षा मोलाचा.

पण एक गोष्ट नीट ऐका. गवती चहा हे औषध नाही. ताप आला की काढा देऊन आठवडा काढायचा, असं करू नका. पावसाळ्यात मलेरिया असतो, डेंग्यू असतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही, अंगावर पुरळ आलं, लघवी कमी झाली, लेकरू मलूल पडलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या काढा सुरू केला म्हणून बंद करायच्या नाहीत. पोटुशी बाई असेल तर तिला दाट काढे देऊ नका. चहातली एखादी पाती वेगळी आणि रोजचा पेलाभर काढा वेगळा. आत्याबाई म्हणतील, आम्ही नाही का प्यायलो? त्यांना म्हणावं, आत्या, दवाखान्यात जाऊ तेव्हा डॉक्टरांनाच विचारू. आणि शेताच्या बांधावरची पाती, विशेषतः कपाशीला लागून असलेली, घरी आणू नका. पिकावर मारलेली फवारणी वाऱ्याने बांधावर येतेच.

आता पैशाचं. एकरभर लावणीचा हिशेब आपणच मांडू. दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर धरलं, तर एकरात सुमारे पंधरा हजार ठोंब बसतात. ठोंब एक रुपयाला धरला तरी पंधरा हजार, दोन रुपयांना धरला तर तीस हजार. दहा बायकांचा गट महिन्याला शंभर रुपये भरत असेल, तर वर्षाची बचत होते बारा हजार. म्हणजे नुसत्या ठोंबातच वर्षभराची बचत संपली. मशागत, पाणी, निंदणी, कापणीची मजुरी पुढेच. मग तेल. शंभर किलो ओल्या पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल निघतं, कधी त्याहून कमी. ते काढायला वाफेची भट्टी लागते, आणि पाला कापल्यापासून फार वेळ पडून राहिला तर तेल उडून जातं. म्हणून येणाऱ्या माणसाला हे प्रश्न विचारा. भट्टी कुठे आहे, किती कोसांवर? तिथपर्यंत पाला नेण्याचं भाडं कोणाचं? तेलाचा भाव कागदावर लिहून देणार का? माल घेतला नाही तर भरपाई काय? तुमच्याकडून रोपं घेतलेली, तेल विकून पैसे मिळालेली एखादी बाई आम्हाला भेटवाल का? यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

गवती चहाच्या शेतीतून कोणाचंच भलं होत नाही, असं माझं म्हणणं नाही. झारखंडात बिशुनपूर भागात महिलांचे तीसहून अधिक गट मिळून ही शेती करतात, हे २०२० साली देशभर ऐकायला मिळालं. तिथे गट पुष्कळ, जमीन लागून लागून, म्हणून भट्टीला पुरेसा पाला मिळतो. लखनौला सीमॅप ही सरकारी संशोधन संस्था आहे, तिने जास्त तेल देणारे वाण काढलेत. आपल्याकडे पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्यालाही आहे. कोणालाही पैसे देण्याआधी गटाच्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन विचारून या. माती कोणती, वाण कोणता, खरेदीदार कोण, तिथे सल्ला फुकट मिळतो. रोशाची गोष्ट आठवते ना? माल आपला असूनही भाव ठरवणं आपल्या हातात नव्हतं. दीडशे वर्षांनी तरी आपण विचारूनच पाऊल टाकू.

तोवर एक सोपा रस्ता आहे, त्याला कर्ज लागत नाही. एक चांगलं वाढलेलं बेट वर्षभराने फोडलं तर वीस ठोंब आरामात निघतात. यंदा गटातल्या एकीने एक ठोंब लावला, तर पुढच्या मृगाला वीस घरांत लागतील. त्या वीस जणींनी जपले तर त्याच्या पुढच्या मृगाला चारशे. दोन वर्षांत चारशे ठोंब, आणि खर्च झाला शेणखताचा. या दोन वर्षांत कळेल की आपल्या मातीत कसं वाढतं, उन्हाळा काढतं का, बाजारात जुडी विकली जाते का. आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या शेजारी पातीच्या चार-पाच जुड्या ठेवून बघा. चहाच्या टपरीवाल्याला विचारा, रोज एक जुडी देऊ का? थंडीत आणि पावसाळ्यात मागणी असते, उन्हाळ्यात कमी. त्याची वही ठेवा : किती जुड्या नेल्या, किती विकल्या, किती परत आणल्या. वाळलेली पाती पाकिटात भरून विकायची असेल तर अन्न विभागाची नोंदणी घ्यावी लागते. उमेदच्या किंवा माविमच्या ताई अर्ज भरायला मदत करतात. दोन वर्षांची वही हातात असली, की एकर लावायचा की नाही हे गटाला कोणी येऊन सांगायची गरज पडणार नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक काम करा. ज्यांच्या घरी बेट आहे त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून चार-चार ठोंब आणा. वास घेऊन खात्री करा आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना द्या. कोणी किती नेले, ते बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी प्रत्येकीने नेले तेवढे गटाला परत द्यायचे, वर नव्या बाईला दोन. ज्या बाईला जमीन नाही, जी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते, तिला पहिला ठोंब द्या, आणि सोबत भोकं पाडलेला तेलाचा डबाही.

काही अडलं, पानं पिवळी पडली, ठोंब धरला नाही, तर रेडिओला पत्र लिहा किंवा गटाच्या ताईकडे निरोप द्या. त्यावर आपण पुन्हा बोलू. आता उठते, तुमचीही चहाची वेळ झाली असेल. नमस्कार.